कोषांच्या मोलावर राखलेलं रान

फुलपाखरांची पैदास करून ती काचघरात दाखवली की संवर्धन साधतं, असा समज फुलपाखरू उद्यानांभोवती घट्ट बसला आहे. इतिहासाचा दाखला वेगळा आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या बेक्सलीच्या न्यूमन कुटुंबाचा फुलपाखरं वाढवून विकण्याचा धंदा होता. एल. ह्यू न्यूमन यांनी विन्स्टन चर्चिल यांच्या चार्टवेलच्या बागेला फुलपाखरं पुरवली, पण इंग्लंडमधून नाहीशी झालेली ‘ब्लॅक-व्हेन्ड व्हाइट’ ही जात काही तिथे पुन्हा रुजली नाही. याउलट ‘लार्ज ब्लू’ १९७९ साली ब्रिटनमधून नामशेष झालं आणि तरीही परतलं. त्याची अळी लाल मुंग्यांच्या वारुळात मुंग्यांची पिल्लं खाऊन वाढते. त्या मुंग्यांना आखूड, ऊन पोचणारं गवत लागतं. १९५०च्या दशकात साथीने ससे मेले, गुरांची चराईही घटली, गवत माजलं आणि मुंग्या हटल्या. कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी ही साखळी उलगडल्यावर चराई पुन्हा सुरू झाली आणि १९८३पासून स्वीडनमधली लार्ज ब्लू तिथे आणून सोडली गेली. आधी गवत, मग मुंगी, शेवटी फुलपाखरू.

म्हणजे पैदास निरर्थक ठरते का? तसं नाही. तिचं खरं सामर्थ्य केनियाच्या किनाऱ्यावर दिसलं. अराबुको-सोकोके हे सुमारे ४२० चौरस किलोमीटरचं जंगल. त्यातले हत्ती आणि माकडं शेतं उद्ध्वस्त करत, त्यामुळे भोवतालच्या बहुतेक शेतकऱ्यांना हे रान शेतीसाठी मोकळं करून हवं होतं. १९९३ साली गेडे या जुन्या नगराच्या अवशेषांजवळ ‘किपेपेओ’ प्रकल्प सुरू झाला. शेतकरी परवान्याने जंगलातून माद्या आणतात, जाळीच्या पिंजऱ्यात अंडी घेतात आणि अळ्यांना त्यांच्या ठरावीक झाडांचा पाला घालतात. तयार कोष लगेच विकावे लागतात, कारण थोड्याच दिवसांत फुलपाखरू बाहेर पडतं. त्याआधी ते युरोप-अमेरिकेतल्या प्रदर्शनगृहांत पोचायला हवेत. माद्या आणायच्या त्या जंगलातूनच, तेव्हा जंगल गेलं की धंदाही गेला. नंतरच्या पाहणीत सहभागी शेतकऱ्यांचा जंगलाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदललेला आढळला, तो या हितसंबंधामुळेच.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, माद्या पकडल्याने जंगल रितं होईल. पण निसर्गात पक्षी आणि गांधीलमाश्या बहुतेक अळ्या फस्त करतात. जाळीखाली त्या वाचत असल्याने थोड्याच माद्यांत काम भागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परदेशी प्रेक्षकांवर टांगलेलं उत्पन्न केव्हाही तुटू शकतं. २०२०च्या महासाथीत जगभरची प्रदर्शनगृहं बंद झाली, तेव्हा हा धोका उघड झाला. किपेपेओने मात्र त्याआधीपासूनच मध आणि रेशमाचीही जोड ठेवली होती. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये, हा धडा यातून घ्यावा. त्यासाठी पैदासच सोडून देण्याचं कारण नाही.

म्हणून फुलपाखरू उद्यानाची किंमत त्यात किती रंग उडतात यावर ठरवू नये. त्याच्या तिकिटाचा पैसा कोणत्या रानाच्या वेशीवरच्या माणसापर्यंत पोचतो आणि त्या रानाचा किती भाग त्यामुळे उभा राहतो, हे विचारलं पाहिजे. ज्या उद्यानाकडे याचं उत्तर नाही, ते करमणुकीचं ठिकाण आहे. संवर्धन केंद्र म्हणवून घेण्याचा हक्क त्याने अजून मिळवायचा आहे.