गिऱ्हाईक नसलेली जत्रा

कलेचा इतिहास लिहिणारे बहुधा कलावंतांचा इतिहास लिहीत असतात. चित्र कोणीं काढलें, नाटक कोणीं रचलें, त्यास आश्रय कोणीं दिला, याची ते साक्षेपानें नोंद ठेवितात; परंतु तें नाटक पाहण्यासाठीं पहांटेपासून दाराशीं तिष्ठत राहिलेला रसिक त्यांच्या पानांवर सहसा येत नाहीं. त्यानें पाहावें, टाळी द्यावी आणि घरीं जावें, एवढेंच त्याचें काम मानलें जातें. गेल्या पन्नास वर्षांत मात्र एका कलेच्या बाबतींत ही समजूत खोटी ठरली आहे. जपानमध्यें ‘मांगा’ नांवाच्या चित्रकथा आणि ‘ॲनिमे’ नांवाचे हलत्या चित्रांचे चित्रपट विपुल निघतात. आपल्या घरांतील मुलेंहि आज ते आवडीनें पाहतात. या कलेच्या चाहत्यांनीं जे मेळे भरविले, त्यांचा इतिहास त्या कलेच्या इतिहासापासून वेगळा काढतांच येत नाहीं.

आजच्या एखाद्या मोठ्या मेळ्यास प्रथमच जाणाऱ्या गृहस्थास ही गोष्ट पटणें कठीण आहे. लॉस अँजेलिसचा ‘ॲनिमे एक्स्पो’ घ्या, किंवा वॉशिंग्टनचा ‘ओटाकॉन’ घ्या. तीन-चार दिवस प्रचंड सभागृहें गजबजलेलीं असतात. एका दालनांत जपानहून आलेले पाहुणे दुभाष्याच्या मदतीनें प्रश्नांचीं उत्तरें देत असतात. दुसऱ्यांत, चित्रांतील पात्रांना आवाज देणाऱ्या नटीची सही मिळावी म्हणून लांबच लांब रांग लागलेली असते. रात्रीं गाण्याची मैफल असते. आणि मधल्या वाटेनें लांकडी तलवारी, कागदी पंख व रंगीत केसांचे टोप धारण केलेलीं माणसें खुशाल जात-येत असतात. दुकानांची तर गणतीच नको. हें सर्व पाहून आपला गृहस्थ म्हणेल, ‘ही व्यापाऱ्यांनीं मांडलेली जत्रा आहे. तिकीट काढावें, चैन करावी, पिशव्या भराव्या आणि परत यावें.’ त्याचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु या जत्रेचें मूळ दुकानांत नाहीं. तें एका बंद झालेल्या दारांत आहे.

गोष्ट १९७५ सालची. चित्रकथांच्या चाहत्यांचें एक वार्षिक संमेलन त्या काळीं जपानांत भरत असे. त्याच्या कारभारावर टीका करणाऱ्या एका स्त्रीस चालकांनीं त्या वर्षीं प्रवेश नाकारला. अपराध एवढाच कीं, ज्या गोष्टीवर तिचें प्रेम होतें तिच्याविषयीं ती स्पष्ट बोलली. ‘मेइक्यू’, म्हणजे भुलभुलैया, या नांवाचें तरुण समीक्षकांचें एक मंडळ होतें. त्यास ही गोष्ट सहन झाली नाहीं. योशिहिरो योनेझावा हा बावीस वर्षांचा तरुण त्या मंडळांत होता. केवळ निषेध करून ही मंडळी स्वस्थ बसलीं नाहींत. त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला टोकियोच्या तोरानोमोन भागांतील अग्निशामक संघटनेच्या इमारतींत त्यांनीं आपला निराळा मेळा भरविला आणि त्यास ‘कॉमिक मार्केट’ असें नांव दिलें. ३२ मंडळें आपापल्या हौशी प्रकाशनांच्या प्रती घेऊन आलीं, आणि सुमारें ७०० माणसें जमलीं. त्यांत फार मोठा भरणा शाळकरी मुलींचा होता. मुलींसाठीं निघणाऱ्या चित्रकथा त्यांनीं मन लावून वाचलेल्या होत्या, आणि त्यांविषयीं त्यांना पुष्कळ बोलावयाचें होतें; बोलावयास जागा मात्र आजवर कोणीं दिलेली नव्हती.

या मेळ्याचें एक तत्त्व पुढें सर्वश्रुत झालें. तें असें कीं, येथें गिऱ्हाईक कोणीच नाहीं. टेबलामागें बसून स्वतःची वही विकणारा, समोर उभा राहून ती विकत घेणारा, आणि उन्हांत रांग सरळ करणारा स्वयंसेवक, हे तिघेहि सारखेच ‘सहभागी’. वरवर पाहतां ही शब्दांची कसरत वाटेल; परंतु तिच्यांत मोठा व्यवहार सांठविलेला आहे. गिऱ्हाईक पैसे मोजतो आणि मोकळा होतो. त्यापुढें तो सोयी मागतो, गैरसोय झाल्यास रागावतो. सहभागी मनुष्यास असें मोकळें होतां येत नाहीं. मेळा बिघडला तर त्याचाच बिघडतो. म्हणून तो रांगेंत नीट उभा राहतो, दुसऱ्यास धक्का लागणार नाहीं हें पाहतो. शिवाय, कोणाची वही सरस आणि कोणाची नीरस, याचा निवाडा चालक करीत नाहींत. जागेपेक्षां अर्ज जास्त आले म्हणजे बहुतांशीं सोडतीनें निर्णय होतो. ज्यांस एकदां दाराबाहेर काढलें होतें, त्यांनीं आपलें दार असें बांधलें.

सहभागी म्हणून आलेल्या मनुष्यापासून कलेस काय मिळतें, याचें उत्तर ओसाका शहरानें दिलें. १९८१ च्या ऑगस्टांत तेथें जपानी विज्ञानकथा-प्रेमिकांचें विसावें संमेलन भरलें. ‘ओसाका’ या नांवांतील पहिल्या अक्षराचा ‘दाइ’ असाहि उच्चार होतो. त्यास ‘कन्व्हेन्शन’ शब्दांतील ‘कॉन’ जोडला कीं ‘दाइकोन’ होतें, आणि जपानी भाषेंत दाइकोन म्हणजे मुळा. या कोटीवरून संमेलनाचें नांव पडलें. चालक तोशिओ ओकादा व यासुहिरो ताकेदा हे स्वतः तरुण चाहतेच होते. प्रारंभीं दाखविण्यासाठीं एक छोटा चित्रपट करावा असें त्यांच्या मनांत आलें, आणि हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा व ताकामी आकाइ या तीन कला-विद्यार्थ्यांस त्यांनीं हाताशीं धरलें. चित्रें रंगविण्याचे पारदर्शक तक्ते महाग पडत, म्हणून त्यांनीं कारखान्यांत वापरण्याचें स्वस्त व्हिनाइल आणून कापलें. पाठीवर दप्तर घेतलेली एक लहान मुलगी पेलाभर पाणी घेऊन निघते. वाटेंत नाना यंत्रें आणि राक्षस तिला अडवितात. अखेर ती तें पाणी एका सुकलेल्या मुळ्यास घालते आणि त्या मुळ्याचें अंतराळयान होतें, एवढीच पांच-सहा मिनिटांची कथा. तिच्यापायीं मंडळींस कर्ज झालें. तें फेडण्यासाठीं त्याच चित्रपटाच्या प्रती त्यांनीं विकल्या, आणि जें उरलें तें १९८३ च्या पुढील ‘दाइकोन’च्या कामीं आलें. डिसेंबर १९८४ मध्यें याच मंडळींतून ‘गायनॅक्स’ ही चित्रसंस्था निघाली. १९८७ सालीं यामागाचा पहिला मोठा चित्रपट पडद्यावर आला. १९९५ सालीं आन्नोनें ‘इव्हँजेलियन’ ही मालिका केली आणि तिनें त्या कलेचें वळणच बदललें. पुढें गायनॅक्सवर वाईट दिवस आले व २०२४ सालीं तिनें दिवाळें जाहीर केलें. परंतु संमेलनाच्या प्रेक्षागारांतून व्यासपीठावर जाण्याची जी वाट तिनें पाडली, ती बुजली नाहीं.

या मेळ्यांकडे बाहेरचें जग मात्र कौतुकानेंच पाहत होतें असें नव्हे. जपानी भाषेंत ‘ओताकु’ म्हणजे ‘आपलें घर’. त्यावरून समोरच्या मनुष्यास आदरानें, कांहींशा अंतरावरून संबोधण्यासाठीं तो शब्द वापरतात. आपल्या भाषेंतील ‘आपण’ जसा, तसा. हे लाजाळू तरुण एकमेकांस तोच शब्द वापरीत. १९८३ सालीं अकिओ नाकामोरी या लेखकानें कॉमिक मार्केटला जमणाऱ्या मंडळींच्या वेषाची व वागण्याची टवाळी करून त्यांस ‘ओताकु’ हें नांव चिकटविलें. आदराच्या शब्दाची अशी शिवी झाली. १९८९ सालीं चार लहान मुलींची हत्या करणारा एक मनुष्य पकडला गेला. त्याच्या खोलींत चित्रफितींचे ढीग निघाले, आणि एका नराधमाचें पाप सर्व चाहत्यांच्या माथीं मारलें गेलें. १९९१ सालीं, कांहीं प्रकाशनांतील अश्लीलतेच्या प्रश्नावरून, माकुहारी येथील सभागृह कॉमिक मार्केटला नाकारण्यांत आलें. दार पुन्हां बंद झालें. मेळा टोकियोच्या हारुमी भागांतील आपल्या जुन्या जागीं परतला. येथें न्यायबुद्धीनें एक गोष्ट मान्य केली पाहिजे: अश्लीलतेचा आक्षेप अगदींच निराधार नव्हता. चालकांनींहि तो झिडकारला नाहीं. प्रत्येक प्रकाशनाची प्रत विक्रीपूर्वी पाहण्याची जबाबदारी त्यांनीं कसोशीनें पाळण्यास घेतली. ‘सहभागी’ या शब्दाची ती खरी परीक्षा होती.

ज्या वर्षीं माकुहारीचें दार लागलें, त्याच वर्षीं पॅसिफिक महासागरापलीकडे एक दार उघडलें. अमेरिकेंत या चित्रपटांची गोडी १९७७ पासूनच कांहीं थोड्यांस लागली होती. त्या वर्षीं लॉस अँजेलिस येथें फ्रेड पॅटन आदि मित्रांनीं त्यांचें पहिलें मंडळ स्थापिलें. चित्रफिती जपानी भाषेंतच असत; भाषांतराच्या ओळी नसत. कोणी तरी कथेचा सारांश कागदावर उतरवून वाटीत असे, आणि तो हातांत धरून मंडळी चित्रें पाहत. १९९० मध्यें डॅलस येथें ‘प्रोजेक्ट ए-कॉन’ सुरू झाला. १९९१ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस सॅन होजे येथें ‘ॲनिमेकॉन’ भरला, आणि त्यांत गायनॅक्सच्या ओकादाचा पुढाकार होता. दहा वर्षांपूर्वी आपल्या गांवीं पाहुण्यांसाठीं खुर्च्या मांडणारा मनुष्य आतां परदेशांतील चाहत्यांसाठीं मेळा उभा करीत होता. १९९२ च्या ‘ॲनिमे एक्स्पो’स आणि १९९४ च्या ‘ओटाकॉन’ला ही वाट आयती मिळाली.

यानंतरचा इतिहास वाढीचा आहे. २००४ सालीं ओटाकॉनच्या निमित्तानें बाल्टिमोर येथें ‘लार्क आँ सिएल’ या जपानी वाद्यवृंदाची उत्तर अमेरिकेंतील पहिली मैफल झाली आणि हजारों लोक जमले. तोरानोमोनच्या ७०० माणसांचे २०१९ च्या हिवाळ्यांत, टोकियो बिग साइट येथें चार दिवसांत, सुमारें ७,५०,००० झाले. ऑलिंपिकमुळें त्या वर्षीं कांहीं दालनें मिळालीं नाहींत व खर्च वाढला, म्हणून मनगटावर बांधण्याची पट्टी विकत घेण्याचा नियम आला. तोंपर्यंत आंत येण्यास पैसे पडत नसत. महामारीमुळें २०२० सालीं मेळा भरलाच नाहीं. डिसेंबर २०२१ मध्यें तो मोजक्या माणसांत पुन्हां सुरू झाला.

आतां आपल्या गृहस्थाच्या आक्षेपाकडे वळूं. मैफल आली म्हणजे श्रोते अंधारांत आणि गाणारा उजेडांत, अशी विभागणी होतेच. प्रसिद्ध पाहुणे आले म्हणजे दोरी बांधावी लागते, आणि दोरीच्या अलीकडे उभा असलेला मनुष्य हळूहळू गिऱ्हाईक होऊं लागतो. ही भीति खरी आहे, आणि मेळा जितका मोठा तितकी ती अधिक. तथापि दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. ओटाकॉनसारखा प्रचंड मेळा आजहि विनावेतन स्वयंसेवकांच्या बळावर उभा राहतो. आणि महिनोन् महिने शिवलेला पोषाख घालून वाटेनें जाणारी मुलगी कोणाचीहि गिऱ्हाईक नसते. तिच्यामुळें मेळ्यास शोभा येते, आणि त्याबद्दल तिला कोणी पै देत नाहीं.

म्हणून अशा मेळ्याची थोरवी पाहुण्यांच्या यादीवरून किंवा तिकिटांच्या संख्येवरून मोजूं नये. पाहावयास आलेल्यांपैकीं किती जण पुढील वर्षीं टेबलें उचलावयास, वही छापावयास किंवा व्याख्यान द्यावयास आले, हें विचारावें. योनेझावा १९८० पासून मरेपर्यंत कॉमिक मार्केटचा प्रमुख होता. २००६ सालीं तो वारला, आणि त्याच्या पुस्तकसंग्रहावरून टोकियोच्या मेइजी विद्यापीठानें २००९ सालीं त्याच्या नांवाचें ग्रंथालय उघडलें. चित्रकथा वाचणारांस ज्या काळीं कोणी गंभीरपणें घेत नव्हतें, त्या काळच्या एका वाचकानें जमविलेलीं तीं पुस्तकें आज विद्यापीठांत अभ्यासलीं जातात. एका स्त्रीला दाराबाहेर ठेवण्यांत आलें तेव्हां तिच्या बाजूनें उभा राहिलेला तरुण तो हाच.