मुळशी धरण की मुळशीचं धरण?

विषय निघाला तो टीम आउटिंगच्या मेलवरून.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि आमच्या टीमला ताम्हिणीकडे जायचं होतं. मेल टाकायचं काम माझ्या गळ्यात. मी सब्जेक्ट लिहिला 'मुळशी डॅम ट्रिप' आणि लीडला दाखवला. लीडने त्यात एक ॲपॉस्ट्रॉफी आणि एक एस घालून परत पाठवला. 'मुळशीज डॅम'. का? तर म्हणे, धरण मुळशीचं आहे ना, मग पझेसिव्ह नको का? मी म्हटलं, मग 'लंडन्स ब्रिज' का नाही म्हणत कोणी? झालं. लंचपर्यंत अख्खा क्युबिकल त्यात पडला. माझ्या कोडला कधी एवढे रिव्ह्यू कॉमेंट्स आले नव्हते. शेवटी दोन्ही काढून 'मुळशी ट्रिप' एवढाच मेल गेला.

शनिवारी निघालो. पौडच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्या काकांना विचारलं, "काका, मुळशी धरण अजून किती लांब?"

काका चहा गाळता गाळता म्हणाले, "टाटाचं व्हय? हे काय, अर्ध्या तासात पोचाल."

म्हणजे पझेसिव्ह हवंच होतं की! फक्त मालक वेगळा होता. लीडचा ॲपॉस्ट्रॉफी बरोबर, त्याच्या आधीचं नाव चूक.

घरी आल्यावर दोन वीकेंड यातच गेले.

आधी इंग्रजीचं बघू. शाळेतला नियम आठवतोय? सजीवाला ॲपॉस्ट्रॉफी एस, निर्जीवाला 'ऑफ'. 'टेबल्स लेग' म्हटलं की बाईंची लाल रेघ, 'द लेग ऑफ द टेबल' म्हटलं की शाबासकी. मराठी मीडियमच्या आम्ही पोरांनी हे वेदवाक्य मानलं. पुढे कळलं की साहेब स्वतः यातलं काहीच फारसं म्हणत नाही, तो सरळ 'टेबल लेग' म्हणतो. शिवाय 'टुडेज पेपर' वगैरे तो बिनदिक्कत लिहितो, आता 'आज' काय सजीव आहे का?

हा एस आला कुठून याचा किस्साही गमतीचा आहे. जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारख्या विभक्ती होत्या, आणि बऱ्याच नामांच्या षष्ठीचा प्रत्यय होता 'एस' (आधी एक 'ई' लावून). पुढे बाकीच्या विभक्ती झिजून गेल्या, हा एकटा उरला. मधल्या काळात लोकांना वाटायला लागलं की हा एस म्हणजे 'हिज'चं लघुरूप. बेन जॉन्सनने तर १६०५ साली छापलेल्या नाटकाचं नावच 'सिजेनस हिज फॉल' ठेवलं. 'सिजेनस त्याचं पतन'! बायकांच्या नावापुढेही 'हिज' कसं येईल, हा प्रश्न तेव्हा फार जणांना पडलेला दिसत नाही.

पण खरी गोम तिसऱ्या प्रकारात आहे, नामाला नाम नुसतं चिकटवण्यात. त्यात दोघांचं नातं काय ते कुठेच लिहिलेलं नसतं. 'टीकप' चहासाठी कप, 'विंडमिल' वाऱ्याने चालणारी गिरणी, 'रेनकोट' पावसापासून वाचवणारा कोट. चतुर्थी, तृतीया, पंचमी. सगळं आपण मनातल्या मनात भरून घेतो.

हे वाचून ज्यांनी एमपीएससीचा फॉर्म कधी भरलाय त्यांना तत्पुरुष समास आठवला असेल. क्रीडांगण म्हणजे क्रीडेसाठी अंगण, तोंडपाठ म्हणजे तोंडाने पाठ, राजपुत्र म्हणजे राजाचा पुत्र. समासात प्रत्यय गिळायचा आणि विग्रहात तो बाहेर काढायचा. मार्क विग्रहाला असतात हे विसरू नका.

त्यातली षष्ठी तर फारच विचित्र. संस्कृत वैयाकरणांनी तिला कारकांमध्ये घेतलंच नाही, कारण तिचं नातं क्रियापदाशी नसतं, ती एका नामाला दुसऱ्या नामाशी बांधते. पाणिनीने तिच्यासाठी जी जागा ठेवली ती साधारण 'बाकी राहिलेलं सगळं' अशी. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर 'एल्स' ब्लॉक! 'माझी जमीन' हे सातबाऱ्यावरचा मालकही म्हणतो, ती कसणारं कूळही म्हणतं, आणि नुसता त्या गावात जन्मलेला माणूसही म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने तिघंही बरोबर.

हे वाक्य लक्षात ठेवा, मुळशीत त्याचंच भांडण झालं.

मराठीच्या 'चा-ची-चे'ची अजून एक लकब सांगतो. इंग्रजी एस कुठेही तसाच राहतो. आपला प्रत्यय मात्र टाटांचा तलाव, टाटांची वीज, टाटांचं धरण असा बदलतो. नाव मालकाचं आणि लिंग-वचन मालमत्तेचं. आणि इंग्रजीत जे काम ॲपॉस्ट्रॉफीची जागा करते (एसच्या आधी की नंतर, म्हणजे एक शेतकरी की अनेक) ते आपल्याकडे एक टिंब करतं. शेतकऱ्याची जमीन, शेतकऱ्यांची जमीन. फाइल मोठी असली तरी फरक एवढाच, एका टिंबाचा.

आता मुळशी.

टाटांनी सह्याद्रीचं पाणी अडवून ते कोकणात सोडायचं आणि त्या उतारावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करायची अशी योजना आखली. १९१० साली पहिली कंपनी निघाली, टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी. नाव परत वाचा. शब्दावर शब्द, आणि त्यांना जोडणारा एकही प्रत्यय नाही. १९१६ साली दुसरी, आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी. (आमच्या टीममधला हैदराबादचा पोरगा हे ऐकून खूश झाला होता. पण ही आंध्रा म्हणजे आपल्या मावळातली नदी. कंपाउंड नाउनवर विश्वास ठेवला की असं होतं.) आणि १९१९ साली तिसरी, टाटा पॉवर कंपनी, नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यासाठी. धरणाची जागा मुळशीजवळ.

तेव्हा मुळशी तालुका नव्हता, 'पेटा' होता, म्हणजे तालुक्यापेक्षा लहान महसुली भाग. प्राणीमित्रांशी त्याचा संबंध नाही :-) खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावं, आंबेमोहोर भाताची खाचरं, आणि कसणारे मावळे. सरकारने १८९४ च्या लँड ॲक्विझिशन ॲक्टखाली जमिनी घ्यायला सुरुवात केली.

'लँड ॲक्विझिशन', भूसंपादन. करा विग्रह. भूमीचं संपादन, ठीक. पण कोणाकडून? कोणासाठी? शीर्षकात पंचमीही नाही आणि चतुर्थीही नाही. १८९४ च्या या कायद्यात खाजगी कंपन्यांसाठी जमीन घेण्याचा वेगळा भागच होता, नावात मात्र त्याचा पत्ता नाही. कायदा इंग्रजीत होता म्हणून असं झालं असं मी म्हणत नाही, पण अशी नावं सोयीची असतात एवढं नक्की.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. पुण्याहून न. चिं. केळकर, शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट अशी मंडळी त्यांच्यात होती. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'तून टाटांना फेरविचाराची विनंती केली. घोषणा होती 'जान किंवा जमीन'.

या घोषणेकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. दोन नामं आणि मध्ये एक 'किंवा'. षष्ठी नाही. कोणाची जान ते सांगायची गरज नव्हती, ती देणाऱ्याची. पण कोणाची जमीन?

कारण कागदावर तिथल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावे गेलेल्या होत्या. मावळा पिढ्यानपिढ्या ज्या खाचराला 'माझं' म्हणत होता, त्याच खाचराला पुण्यातला सावकारही 'माझं' म्हणत होता, आणि दोघांचंही मराठी शुद्ध होतं. कायद्याला मात्र 'बाकी राहिलेलं सगळं' चालत नाही, त्याला एक मालक लागतो. भरपाईचा चेक निघाला की तो त्या मालकाकडे जाणार. म्हणून लढाई लांबली तशी एक फट दिसायला लागली. सावकाराला भरपाईचा आकडा वाढला तर चालणार होता, कुळाला कुठलाच आकडा चालणार नव्हता, कारण आकडा त्याला मिळणारच नव्हता. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर जे लिहिलंय त्यात हा ताण नीट कळतो.

त्यामुळे 'मुळशी सत्याग्रह' या आपल्या ओळखीच्या नावाचाही विग्रह सोपा नाही. मुळशीचा सत्याग्रह? मुळशीतला? मुळशीसाठी केलेला? १९२१ च्या उन्हाळ्यात तो तिन्ही होता. नंतर पुढारी, सावकार आणि कुळं यांची तोंडं तीन दिशांना झाली, तसं फक्त 'मुळशीतला' एवढंच खात्रीने म्हणता येईल असं मला वाटतं.

बापट मात्र शेवटपर्यंत हटले नाहीत. हा माणूस मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकायला एडिंबराला गेलेला आणि पॅरिसमध्ये बॉम्बची कृती मिळवून आलेला. मुळशीनेच त्यांना 'सेनापती' हे नाव दिलं. (सेनेचा पती, षष्ठी तत्पुरुष. सेना कोण? खाचरातले मावळे.) १९२४ च्या अखेरीस, लढा जवळपास संपलेला असताना, त्यांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवून तिच्यावर पिस्तूल चालवलं आणि सात वर्षं तुरुंगात गेले. अहिंसेचा सत्याग्रह तिथे अधिकृतपणे संपला म्हणायचा. ते १९३१ साली सुटले. त्याआधीच, १९२७ साली, कोकणातलं भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालेलं होतं. सुमारे ५०० मीटर खाली पडणारं पाणी मुंबईसाठी वीज करत होतं, आणि गावं पाण्याखाली होती.

जी माणसं उठली त्यांना नंतर मराठीने एक शब्द दिला, 'धरणग्रस्त'. विग्रह: धरणाने ग्रस्त. तृतीया तत्पुरुष, म्हणजे करणारं कोण तर धरण. कंपनी नाही, सरकार नाही, सावकार नाही. धरणच आलं आणि त्याने ग्रासलं, पूर यावा तसं! आपण हा शब्द पेपरात इतक्यांदा वाचतो की त्यात कर्ता लपलाय हे जाणवतच नाही. मलाही टपरीवाल्या काकांनी 'टाटाचं' म्हणेपर्यंत जाणवलं नव्हतं.

साहेबाच्या दुनियेत या बाबतीत एक उघड उदाहरण सापडलं. अमेरिकेत १८९० पासून भौगोलिक नावांचं एक सरकारी मंडळ आहे. नकाशावरच्या नावांतून ते ॲपॉस्ट्रॉफी काढून टाकतं. 'पाइक्स पीक' या डोंगराच्या नावात एस आहे, ॲपॉस्ट्रॉफी नाही. कारण असं देतात की ॲपॉस्ट्रॉफीने मालकी सूचित होते आणि जागेच्या नावात ती नको. मार्थाज व्हिनयार्ड या बेटाला १९३३ साली सूट मिळाली, तसे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे एका स्वल्पविरामाएवढ्या चिन्हाने मालकी ठरते असं एका सरकारला खरोखर वाटलं. आता सांगा, आमचा लंचपर्यंतचा वाद फालतू होता का?

आपल्याकडे उलट झालं. आपण इंग्रजीकडून नुसतं चिकटवणं उचललं. 'मुळशीचं धरण'चं 'मुळशी धरण' झालं, आणि २०१८ साली सिनेमा आला तोही 'मुळशी पॅटर्न'. जमिनी विकून बसलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांचं पुढे काय झालं त्याची गोष्ट. 'मुळशीचा पॅटर्न' असं नाव असतं तर तो मुळशीने काढलेला पॅटर्न वाटला असता. प्रत्यय गेला आणि मुळशी नुसती एक पाटी झाली. सिनेमाच्या बाबतीत ते बरोबरच आहे म्हणा, त्या जमिनी घेणारे काही मुळशीचे नव्हते.

आणि हे मी कुठे बसून लिहितोय? हिंजवडीत. आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नसतं की हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे. मला स्वतःला नोकरीला लागून दोन वर्षं झाल्यावर, भाडेकराराच्या कागदावर 'तालुका मुळशी' वाचून कळलं. 'आमचं ऑफिस' म्हणतो आपण. ती षष्ठी कुठली, ते एचआरला विचारू नका.

असो. आता टीमचं कोलाडला राफ्टिंगचं चाललंय. तिथल्या कुंडलिका नदीत राफ्ट चालते ती भिऱ्याहून वीज करून सोडलेल्या पाण्यावर, म्हणजे मुळशीहून घाट उतरून गेलेल्या पाण्यावर. मेल परत माझ्याकडेच आहे. या वेळी सब्जेक्टमध्ये 'मुळा रिव्हर राफ्टिंग' टाकतो आणि लीड ॲपॉस्ट्रॉफी कुठे घालतो ते बघतो.