पवळेचा कंठ आणि बापूरावांचा चित्रपट

गायकाचें चरित्र पडद्यावर आणूं पाहणाऱ्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो नांवाचा. गीत कोणाचें म्हणावयाचें? रचणाऱ्याचें, कीं ज्या कंठांतून तें लोकांच्या कानीं पडलें त्याचें?

अमेरिकेंत २०२० सालीं मा रेनी या कृष्णवर्णीय गायिकेवर निघालेल्या चित्रपटानें याचें उत्तर स्पष्ट दिलें. 'ब्ल्यूज' या दुःखगीतांच्या आद्य गायिकांपैकीं ती एक. १९२७ सालीं शिकागोंत चाललेल्या ध्वनिमुद्रणाच्या एका दिवसाची ती कथा आहे. अटी मान्य झाल्यावांचून गोऱ्या मालकांच्या हवालीं आपला आवाज न करणारी ही मानी बाई कथेच्या मध्यभागीं आहे. चित्रपटाच्या नांवांतहि तीच आहे.

नाशिकहून पुण्याकडे निघालें, कीं सिन्नरपुढें संगमनेर तालुका लागतो. त्यांतील हिवरगांव पावसा हें पवळेचें गांव. तमाशांत स्त्रीचें सोंग नाच्या पोऱ्यानें घ्यावयाचें, ही जुनी वहिवाट. ती मोडून फडावर उभ्या राहिलेल्या आरंभींच्या स्त्रियांत महार समाजांतील ही पवळा होती. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), यांच्या लावण्यांना तिचा कंठ लाभला. ब्राह्मण शाहीर जातीबाहेर पडला, त्याच्या त्यागाची कथा झाली; तिच्या धैर्याची झाली नाहीं. १९३० सालीं नाशिकांत काळाराम मंदिराचें दार उघडावें म्हणून ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्यापैकींच ती होती. तिचें गाणें ऐकावयास मात्र सर्व जातींचे रसिक जमत. बापूरावांनीं सत्याग्रहासाठीं देऊं केलेला तमाशाचा पैसा डॉ. आंबेडकरांनीं नाकारला, असें सांगतात. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेलें धन त्यांना नको होतें.

१९५० सालीं राजा नेने यांनीं चित्रपट काढला, त्याचें नांव 'पठ्ठे बापूराव'. त्यापूर्वीं १९४७ सालीं 'लोकशाहीर रामजोशी' आला होता. तेथेंहि नांव शाहिराचें, आणि त्याच्या शेजारीं हंसा वाडकर यांनीं रंगविलेली बया. पुढें याच हंसाबाईंच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनीं १९७७ सालीं 'भूमिका' हा चित्रपट केला, आणि शाहिराच्या शेजारीं उभी असलेली स्त्री मध्यभागीं आली.

हंसाबाईंनीं आपली कथा स्वतः सांगितली. मा रेनीच्या तबकड्या राहिल्या. पवळेची कथा मात्र बहुधा बापूरावांच्या चरित्रांतील एक प्रकरण म्हणूनच सांगितली गेली. शाहिराचा मोठेपणा मान्य करूनहि इतिहासानें ती कथा आतां उलट बाजूनें वाचावी: बापूरावांना पवळा मिळाली नसती, तर त्यांच्या किती लावण्या वहींतच राहिल्या असत्या?