काकांची नळी आणि फ्रेयरसाहेब

मंडळी, आजचा विषय चारचौघांत न बोलण्याचा आहे. म्हणूनच लिहितोय.

मागच्या महिन्यात औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) काकांकडे गेलो होतो. दोन वर्षं काका रात्रीतून पाच-पाच वेळा उठायचे. "वय झालं की चालायचंच" म्हणून गप्प. शेवटी एका रात्री लघवी पूर्ण तुंबली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, नळी घातली, तेव्हा जीव भांड्यात पडला. प्रोस्टेट वाढलेलं.

परत आलो आणि सवयीप्रमाणे वाचत बसलो. पूर्वी लोक काय करत असतील?

सुश्रुतसंहितेत मूत्राशयातला खडा चिरून काढायची पद्धत सविस्तर आहे. पण आधी बजावलंय: काही न करावं तर मरण नक्की, शस्त्रक्रिया करावी तरी जगण्याची खात्री नाही, म्हणून राजाची परवानगी घेऊनच हात घाला. म्हणजे पर्याय कसले, दोन्हीकडून धोकाच!

पुढे १८७८ साली बोस्टनच्या बिगेलोने न चिरता, मूत्रमार्गातून अवजार घालून खडा फोडून एकाच बैठकीत भुगा बाहेर काढायची पद्धत आणली. आपल्याकडे होळकरांच्या इंदुरात कीगन नावाच्या डॉक्टरने ती लहान मुलांवरही यशस्वी करून दाखवली. त्याच काळात उत्तर हिंदुस्थानात पीटर फ्रेयर हा आयरिश सरकारी डॉक्टर खडे काढण्यात नाव कमावत होता.

प्रोस्टेटचं मात्र अवघड होतं. बऱ्याच म्हाताऱ्यांच्या नशिबी जन्मभर नळी. १८९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या व्हाइटने तर वाढलेल्या प्रोस्टेटवर अंडकोष काढण्याचा उपाय सुचवला! मग हिंदुस्थानातून परतलेल्या फ्रेयरने १९०० साली लंडनला पोटातून मूत्राशय उघडून बोटाने ती गाठ सोलून काढली. न्यूयॉर्कच्या फुलरने हे आधीच केलं होतं, पण गाजलं फ्रेयरचं नाव.

१९२०-३० च्या दशकांत अमेरिकेत दुर्बिणीचं ऑपरेशन आलं. पोट न फाडता, मूत्रमार्गातून विजेच्या तारेने गाठ खरवडायची. १९९० च्या दशकात लेझर आला. त्याच दशकात गोळ्याही रुळल्या. एक प्रकार मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतो, थोड्या दिवसांत फरक पडतो. दुसरा (फिनास्टेराइड, १९९२) गाठ हळूहळू लहान करतो, त्याला महिने लागतात.

आपल्या शहरात घाटीचं मेडिकल कॉलेज १९५६ पासून आहे. म्हणजे काका शाळेत होते तेव्हापासून डॉक्टर होते, आणि त्यांना त्रास सुरू झाला तेव्हा गोळ्याही होत्या. मग अडलं कुठे? जिभेवर. शंभर वर्षांत पर्याय एकाचे चार झाले, पण उशीर केला की त्यातले कमी होतात. लघवी मागे साठत राहिली तर किडनीवरही ताण येतो. सगळं वाढलेलं प्रोस्टेट म्हणजे कॅन्सर नाही, पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार? आणि लघवीत रक्त दिसलं तर वयाला दोष देऊच नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

काकांची नळी निघाली, गोळ्या सुरू आहेत. परवा फोनवर म्हणाले, "सिद्धार्थ उद्यानातल्या आमच्या मंडळीला सांगितलं रे सगळं. तिघांना हाच त्रास निघाला!"

असो. तुमच्या घरी कोण रात्री उठतंय, जरा विचारून बघा.