गळाची मासेमारी : काठीवर वाचवा, जॅकेटवर नको

उजनीच्या बॅकवॉटरला चिलापी धरायला महागडी काठी लागत नाही. वाळलेला बांबू, तंगूस, बारीक गळ अन् गांडूळ एवढ्यावर भागतं. मरळ मात्र जोराचा हिसका देतो. त्याला सहा-सात फुटी फायबरची काठी आणि रीळ घ्यावं. दुकानातच रीळ फिरवून बघा, खरखर वाजलं तर परत ठेवा. तंगूस उन्हानं ठिसूळ होतो, तो दर हंगामाला बदलावा.

आत जायचं असेल तर ट्यूब, थर्माकोलवर भरवसा नको; वारं सुटलं की उलटतात. कयाक रुंद बुडाची, माणूस अन् सामान दोन्हींचं वजन पेलणारी हवी. पैसे कमी पडले तर काठावरूनच गळ टाका. पण लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात जाऊ नका. धरणात मासेमारीचा ठेका असतो, आधी परवानगी विचारा.