नाशिकच्या वाड्यांतील चौकट-फळीचे जोडकाम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नाशिकच्या पेशवेकालीन वास्तूंचा अभ्यास करताना गणेशपट्टी, नक्षीदार खांब व महिरपी यांवर अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने केंद्रित होते. सराफ बाजारातील सरकारवाडा किंवा जिल्ह्यातील चांदवडचा रंगमहाल यांच्या वर्णनांतही कोरीवकामालाच अग्रस्थान मिळते. तथापि हे काष्ठशिल्प ज्या सांध्यांवर उभे आहे, त्यांचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात दारे, कपाटे व खिडक्या यांतील चौकट-फळी रचनेचा विचार केला आहे.

रचनेमागील तत्त्व :
लाकूड हवेतील ओलाव्यानुसार फुगते व आकसते. मात्र हा बदल तंतूंच्या लांबीत नगण्य, तर रुंदीत लक्षणीय असतो. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. नाशिकचा कोरडा उन्हाळा व जून ते सप्टेंबर या काळातील दमट पावसाळा लक्षात घेता रुंद, सलग फळीचे दार एकतर फाटणार किंवा अडकणार. यावर उपाय म्हणजे अरुंद पट्ट्यांची भक्कम चौकट आणि तिच्या आत मोकळी बसवलेली फळी. दाराचे माप चौकटीमुळे स्थिर राहते आणि हालचाल फळीपुरती मर्यादित होते.

या कामात क्रमाला महत्त्व आहे. प्रथम रंधा मारून व गुण्या लावून पट्ट्या समतल व काटकोनी केल्या जातात. मग उभ्या पट्ट्यांत पटाशीने चौकोनी छिद्रे पाडून आडव्या पट्ट्यांच्या टोकांना कुसू काढतात. कुसवाची जाडी साधारणपणे पट्टीच्या एक-तृतीयांश ठेवतात. ती वाढवल्यास छिद्राच्या भिंती दुर्बळ होतात, घटवल्यास कुसूच मोडते. आतील कडेला खोबण घेऊन फळीच्या कडा उतरत्या केल्या जातात. सांधा लाकडी खुंटीने पक्का होतो. फळीला मात्र खिळा वा सरस लावला जात नाही.

परंपरा व परिवर्तन :
हे तत्त्व एका प्रदेशापुरते मर्यादित नाही. इ. स. ७९ मधील ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम येथेही तावदानी लाकूडकामाचे कोळसा झालेले अवशेष आढळले आहेत. महाराष्ट्रात हे ज्ञान बलुतेदार सुतारांच्या घराण्यांत, ग्रंथांपेक्षा हातांतून संक्रमित झाले. १८१८ मध्ये पेशवाईचा अंत झाल्यावर दरबारी आश्रय संपुष्टात आला. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजनेद्वारे सुतारकामाला संस्थात्मक रूप लाभले. पुढे प्लायवुड व सपाट दारांच्या प्रसारामुळे हाताने सांधे कापण्याची गरजच ओसरली.

संवर्धनाचा प्रश्न :
२००८, २०१६ व २०१९ च्या गोदावरीच्या महापुरांत सराफ बाजार परिसरात पाणी शिरले. अशा पाण्याने भिजलेल्या जुन्या दाराची फळी दुरुस्तीच्या वेळी चौकटीला खिळ्यांनी जखडल्यास तिची हालचाल थांबते आणि वाळताना ती चिरते. म्हणजेच सद्हेतूने केलेली दुरुस्तीच वास्तूच्या हानीस कारणीभूत ठरू शकते.

निष्कर्ष :
कोरीवकाम छायाचित्रांत जतन होऊ शकते. सांध्याचे ज्ञान मात्र तो उलगडून, मोजून व पुन्हा कापूनच जतन होते. म्हणून जीर्ण वाडे उतरवण्यापूर्वी त्यांतील सांध्यांचे मोजमाप व आरेखन होणे आणि त्यात पारंपरिक सुतारांचा सहभाग असणे अगत्याचे आहे. अन्यथा नाशिकच्या काष्ठपरंपरेचे केवळ दर्शनी रूप शिल्लक राहील.