वाडीतली बाग आणि बागेतली वाडी

'वाडी' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक फळझाडांची बाग. डहाणूकडे चिकूच्या वाड्या असतात तशी. दुसरा अर्थ, थोड्या घरांची वस्ती. जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या परिसरात हे दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. घराच्या कुडाला लागून मांडव, मांडवावर दुधीचा किंवा काकडीचा वेल आणि भांडी घासलेले पाणी वेलाच्या आळ्यात.

मुंबईत मात्र पहिला अर्थ पुसला गेला. गिरगावातली फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे आठवून पाहा. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढच्या दशकांत कामासाठी माणसांची रीघ लागली आणि बागांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. नाव उरले, बाग गेली.

ती परत आणायची तर माती कुठून आणणार? गच्चीला मातीचे ओझे पेलत नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१) यांनी 'प्रयोग परिवारा'तून यावर वाट दाखवली. माती आणायची नाही, ती तयार करायची. उसाची चिपाडे, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांचे थर द्यायचे. सुक्या पाचोळ्यात कार्बन जास्त, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त. सूक्ष्मजीवांना दोन्ही लागतात. तयार होणारी माती हलकी, भुसभुशीत आणि ओल धरणारी असते.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर हे प्रत्यक्षात आले. तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली सहकाऱ्यांच्या मदतीने भाज्यांची सालपटे आणि देठ गच्चीवरच जिरवायला सुरुवात केली. कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढली. पुढे 'अर्बन लीव्ह्ज' या गटातून शहराच्या वेगवेगळ्या भागांतले लोक एकत्र येऊन अशा बागा करू लागले.

एकत्र का? याचे एक कारण भौतिकशास्त्रातले आहे. कचरा कुजताना जिवाणूंमुळे उष्णता निर्माण होते. ढीग लहान असेल तर आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून उष्णता लगेच निघून जाते. साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग मात्र ५५–६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो आणि लवकर कुजतो. एवढा कचरा एका घरात जमत नाही. ढिगाला शेजारी लागतात!

शाळेच्या परसबागेलाही हाच नियम लागू आहे. केंद्र सरकारने २०१९ साली शालेय पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. पण बाग मरते ती बहुधा सुट्टीत. जव्हार-मोखाड्यात तर दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी गाव सोडतात; पाड्यावर म्हातारी माणसे उरतात. कोणता वेल कमी पाण्यात तगतो, बी कसे राखायचे, हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांना बोलावले आणि भाजीत वाटा दिला, तर बाग एका शिक्षकाच्या उत्साहावर अवलंबून राहणार नाही. म्हणून वाफा खणण्याआधी आपण मुलांसह एक प्रश्न फळ्यावर लिहू या : मे महिन्यात पाणी कोण घालणार?